तात्यांच्या डब्यातलं औषध

माझा उजवा अंगठा अजून माझ्याच हाताला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना उगाच धाकधूक नको. मी आजारी असताना ज्यांचे ज्यांचे अनुभव वाचले, त्या सगळ्यांनी माणूस वाचला की नाही हे अगदी शेवटच्या ओळीपर्यंत दाबून ठेवलं होतं. सलाइन लावलेल्या वाचकाला तेवढा दम नसतो.

मी विश्रांतवाडीत राहतो आणि कोंबड्यांच्या एका कंपनीत सुपरव्हायझर आहे. कंपनी शेतकऱ्याला पिल्लं आणि खाद्य देते, शेतकरी आपल्या शेडमध्ये ती वाढवतो आणि मोठी झाली की कंपनी ती उचलते. मधल्या काळात मोटरसायकलवरून शेडशेडला फिरून पक्ष्यांची तब्येत बघायची, हे माझं काम. शिक्षण शेतकीचं, पण गावांतून मला ‘डॉक्टर’ म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, मग कंटाळलो आणि पुढे पुढे मलाही ते बरं वाटायला लागलं.

एवढंसं लागलं

आमच्या कामातली एक पद्धत बाहेरच्यांना माहीत नसते. शेडमध्ये मेलेले पक्षी शेतकरी सकाळी दाराशी ओळीनं मांडून ठेवतो. सुपरव्हायझर येतो, उकिडवा बसतो आणि कात्रीनं एकेक उघडून बघतो. लिव्हरवर सायीसारखा पांढरा पापुद्रा दिसला की एक औषध, आतडं फुगलेलं दिसलं की दुसरं. मग ते औषध पिण्याच्या पाण्यात मिसळून अख्ख्या शेडला द्यायचं, आजारी असोत की ठणठणीत. हातमोजे डिकीत असतात. मोजे घातले की बोटांना काही कळत नाही, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगतो आणि ते डिकीतच राहतात.

लोहगावच्या पुढे माळावर तात्यांची शेड आहे. तात्या म्हणजे माझ्याकडचे सगळ्यांत जुने शेतकरी, स्वच्छतेचे भलतेच कडक. त्यांच्या दारात जंतुनाशक पाण्याची उथळ टाकी आहे, तिच्यात पाय बुडवल्याशिवाय ते कुणालाही आत सोडत नाहीत. त्या सकाळी त्यांच्याच दारात कात्री घसरली आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या पेराला लागली. रक्तही फारसं आलं नाही. तात्यांनी घरातून हळद आणून दाबली, मी वर रुमाल गुंडाळला आणि पुढच्या शेडला गेलो.

दोनेक दिवसांत अंगठा लाल झाला, मग गरगरीत फुगला. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी काही झालं नाही. दुसऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी पोट बिघडलं. मी मात्र रोज मोटरसायकल कशीबशी चालवत कामावर जात होतो. एका संध्याकाळी दातावर दात आपटण्याएवढी थंडी वाजून आली आणि मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ उमटली.

माझी बायको माधवी शनिवार पेठेतली. शाळेत शिकवते, मोजकं बोलते. तिनं माझा हात दिव्याखाली धरला, रेघ बघितली आणि म्हणाली, “कोंबडीला एवढा ताप असता तर तुम्ही तिला एव्हाना उघडून बघितलं असतंत.” मग रिक्षा बोलावली.

ओळखीची नावं

हॉस्पिटलात मला लगेच ऑपरेशनला घेतलं. त्याआधी पाणी बंद. घसा कोरडा पडला तेव्हा मला आमची पिल्लं आठवली, कारण औषध द्यायच्या आधी आम्ही त्यांचं पाणी असंच काही वेळ तोडतो, म्हणजे ती तहानेनं सगळं औषध पिऊन टाकतात. इतकी वर्षं मी हे शेतकऱ्यांना सांगत आलो, पण पिल्लांना काय वाटत असेल हा विचार पहिल्यांदा डोक्यात आला.

सर्जननी अंगठा उघडून पू काढला आणि तो तपासायला पाठवला. पेराच्या हाडाला जंतूंनी हात घातलाय असं ते म्हणाले. पुवातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणती औषधं चालतात ते लॅबमध्ये बघतात, त्याला काही दिवस लागतात. तोवर अंदाजानं एक इंजेक्शन चालू होतं आणि ताप जागचा हलत नव्हता.

मग एका सकाळी संसर्गाच्या तज्ज्ञ डॉक्टर मॅडम आल्या. वयानं माझ्याहून लहान, आवाज शांत. त्या खुर्ची ओढून बसल्या. राउंडला आलेले डॉक्टर बसत नाहीत, हे मला एवढ्यात कळलं होतं. माझ्या अंगठ्यात एक हट्टी जंतू निघाला आहे, तो बऱ्याच औषधांना दाद देत नाही, असं सांगून त्यांनी कोणकोणती औषधं बाद झाली त्यांची नावं घेतली.

ती नावं मला पाठ होती. त्या एकेक नाव घेत होत्या आणि मी नको म्हणत असतानाही माझं मन उत्तर देत होतं. हे पिल्लांच्या पहिल्या आठवड्याचं. हे खोकल्याचं. हे हगवणीचं. हे हवा बदलली की सावधगिरी म्हणून द्यायचं. हॉस्पिटलात नातेवाईक भेटावेत तसं झालं, फक्त मला एकही नातेवाईक तिथे नको होता.

मी विचारलं, हे कोंबड्यांतून आलं का? मॅडम म्हणाल्या की खात्रीनं सांगता येणार नाही. असे जंतू शहरातही पुष्कळ आहेत, माणसंही औषधं काही कमी खात नाहीत. पण माझं काम ऐकल्यावर त्यांना नवल वाटलं नव्हतं. मग त्यांनी इंजेक्शन बदललं. नवं दिवसातून तीनदा शिरेतून द्यायचं होतं. ते लागू पडलं तर ठीक, नाहीतर जंतू वर सरकायच्या आत अंगठा मुळापासून काढावा लागेल, असं सर्जननी माधवीच्या समोर सांगितलं.

त्या दिवशी मी फार घाबरलो. मरणाला नाही, कारण मरण मला नीट डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. अंगठा नसलेला हात मात्र लगेच आणता येत होता. कात्री अंगठ्यानं चालते, गाडीची मूठ अंगठ्यानं धरतात, भाकरी अंगठ्यानं मोडतात. मी चार बोटांनी पाण्याचा पेला उचलून बघितला आणि चादर बदलायला लावली.

निळा गाऊन

माझ्यातला जंतू दुसऱ्या रुग्णांकडे जाऊ नये म्हणून मला वेगळ्या खोलीत ठेवलं. दारावर पाटी लागली. आत येणारा प्रत्येक जण निळा गाऊन आणि हातमोजे घालून यायचा आणि जाताना ते काढून दारातल्या डब्यात टाकायचा. सकाळी रक्त, मग अंग पुसणं, मग इंजेक्शन, मग पट्टी, मग जेवणाचा ट्रे, आणि दर वेळी तेच मोजे. माणसाचा उघडा हात अंगाला लागणं बंद झालं. याची किंमत तेव्हाच कळते. तुमच्यावर ही वेळ आली तर एक लक्षात ठेवा, ते लोक तुमची किळस करत नसतात. मला हे समजायला वेळ लागला आणि तोवर मी उगाच सगळ्यांवर चिडचिड करून घेतली.

सगळ्यांत जास्त माधवीवर. ती शाळा सुटली की यायची, गाऊन घालायची, वरणभात कालवून मला चमच्यानं भरवायची. एकदा मी म्हटलं की कामाचे बूट आणि हातमोजे यांवरून तिनं मला आधी बजावायला हवं होतं. आजारी माणूस असंच काहीतरी बोलतो. तिनं चमचा खाली ठेवला.

“तात्यांच्या दारात तुम्ही पाय बुडवून आत जाता,” ती म्हणाली, “म्हणजे घरचं काही त्यांच्या कोंबड्यांना लागू नये. आणि तिथून निघालात की तेच बूट आपल्या उंबऱ्यात. इतकी वर्षं मी म्हणतेय, कोंबड्यांना जेवढं जपता तेवढं आम्हाला जपा. तुम्ही हसायचात.”

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं परत आली आणि राहिलेला भात भरवला.

चांगल्या गोष्टीही होत्या. वॉर्डातल्या सिस्टर, केरळच्या, शीर सापडेपर्यंत अखंड गप्पा मारायच्या, म्हणजे माझं सुईकडे लक्ष जाऊ नये. झाडणाऱ्या मावशी मोसंबं सोलून, बिया काढून ठेवायच्या, कुणी सांगितलेलं नसताना. अशा गोष्टींवर त्या दिवसांत माझं पोट भरायचं.

पाय कुठं बुडवायचे

नवं इंजेक्शन सुरू होऊन काही दिवस झाले तरी ताप पुरता उतरला नव्हता. अशा एका दुपारी, माधवी शाळेतून आलेली असताना, दारात गडबड ऐकू आली. तात्या आले होते. पांढरी टोपी, हातात स्टीलचा डबा. सिस्टरनी दिलेला गाऊन त्यांनी मुकाट्यानं घातला, हात घासून घासून धुतले, आणि मग उंबऱ्यावर थांबून खाली बघायला लागले.

“पाय कुठं बुडवायचे?” त्यांनी विचारलं.

सिस्टरना काही कळेना. पायाला काही नसतं, आत जा, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. तात्यांना ते पटलं नाही. एवढं मोठं हॉस्पिटल आणि दारात टाकी नाही, हे ते नंतर कितीतरी दिवस लोकांना सांगत होते. शेवटी त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत आले. माधवी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

तात्या माझ्या हाताकडे बघत नव्हते. माझ्या दारात झालं, माझ्या पक्ष्यामुळं झालं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी म्हटलं की कात्री माझी होती. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी डबा उघडला. वरच्या खणात भाकरी, मधल्या खणात पिठलं, आणि तळाच्या खणात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पाकीट.

“तुमच्या अंगठ्याला औषध लागू पडंना असं वैनींनी सांगितलं,” ते माधवीकडे बघून म्हणाले. तिनंच त्यांना फोनवर सांगितलं होतं. “हे लई जालीम हाय. मागं पिल्लं पटापट पडत हुती तवा ह्यानंच वाचली. आता बंदी हाय, मिळत न्हाय. मी जपून ठिवलंय. डॉक्टरांना द्या म्हनावं.”

मी पाकिटावरचं नाव वाचलं. तेवढ्यात संसर्गाच्या मॅडम राउंडला आल्या. तात्यांनी उठून दोन्ही हातांनी ते पाकीट त्यांच्यापुढे धरलं, देवाला नारळ द्यावा तसं.

मॅडमनी पाकीट फिरवून दोन्ही बाजूंनी बघितलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, या वेळी तात्यांच्या समोर.

“तात्या,” त्या म्हणाल्या, “हे औषध आमच्याकडे कुलपात असतं. यांना आत्ता चालू आहे ते लागू पडलं नाही, तर शेवटचं म्हणून मी हेच राखून ठेवलंय. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही.”

तात्यांनी डबा पुन्हा बंद केला. त्यांना समजलं नाही असं मला आधी वाटलं. पण समजलं होतं.

“म्हंजी आमच्या शेडातल्या जंतूंनी हे आधीच बघितलंय,” ते म्हणाले.

“तेच आता तपासायला सांगते,” मॅडम म्हणाल्या. त्याची तपासणी वेगळी असते, ती मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागते, असं त्यांनी आम्हाला समजावलं. पाकिटाची मुदतही कधीच संपली होती. तात्या ते परत न्यायला तयार होईनात, तेव्हा मॅडमनीच ते नष्ट करायला पाठवलं. तात्या जाताना दारात गाऊन काढायला विसरले आणि तसेच जिन्यापर्यंत गेले, सिस्टर त्यांच्यामागे धावल्या.

वाट

पुढच्या दोन-तीन दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चालू इंजेक्शन जिंकतंय की हरतंय, आणि ते हरलं तर मागे काही शिल्लक आहे की नाही, या दोन गोष्टींची वाट बघायची होती. अंगठा राहणार की जाणार ते त्यावर होतं. माधवीनं शाळेतून रजा घेतली. आमचं भांडण मिटवायला आम्ही बसलो नाही, ते आपोआप मागे पडलं. ती मोजे घातलेल्या हातानं माझा डावा हात धरून बसायची आणि शाळेतल्या मुख्याध्यापिकांची नक्कल करायची. मी हसायचो आणि मनात म्हणायचो, हिच्यासाठी तरी हा हात धड राहू दे.

मला त्या दिवसांत देव आठवला का, असं नंतर एकानं विचारलं. आठवला. पण त्याहून जास्त आठवल्या त्या पाण्याच्या निळ्या टाक्या. प्रत्येक शेडच्या कोपऱ्यात एक, आणि तिच्यात औषध ढवळणारा कुणीतरी.

आधी ताप गेला. घामानं उशी भिजली आणि मला कडकडून भूक लागली. दुसऱ्या दिवशी सर्जननी पट्टी सोडली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं, चिमट्यानं इकडेतिकडे टोचलं आणि माधवीला जवळ बोलावलं. तळाशी लालचुटूक नवं मांस भरत होतं. “अंगठा राहतोय,” ते म्हणाले, आणि हे सांगताना ते माझ्याइतकेच खूश दिसत होते.

माझा जीव भांड्यात पडला. मी रडलो, आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. सिस्टरनी मोज्यानंच माझं नाक पुसलं.

दुसरं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. शेवटचं औषध माझ्या जंतूवर अजून चालत होतं. ते वापरायची वेळ आली नाही, ते कुलपातच राहिलं. मी तात्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी पलीकडे घरात कुणालातरी चहा टाकायला सांगितलं.

घरी

हाडातला संसर्ग लवकर मरत नाही, म्हणून घरी आल्यावरही कितीतरी आठवडे दंडात बसवलेल्या बारीक नळीतून इंजेक्शन घ्यावं लागलं. रोज जवळच्या दवाखान्यात जायचं, बाकावर बसायचं, ठिबकणारं औषध बघायचं. कंटाळा येतो, आता बरंच वाटतंय तर पुरे असं मनात येतं. पुरे करू नका. आणि अशी जखम चिघळली तर गोळ्यांमागून गोळ्या बदलत बसू नका, पू आधी तपासायला द्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण काय काम करतो ते सांगा. मला एवढंच सांगता येतं. बाकीचं डॉक्टरांना विचारा, मी फक्त गावातला डॉक्टर.

तात्यांनी पुढची बॅच घ्यायच्या आधी शेड नेहमीपेक्षा जास्त दिवस रिकामी ठेवली. जमिनीवर अंथरलेलं भाताचं जुनं तूस काढलं, चुना मारला, टाकी आणि नळ्या धुऊन काढल्या. पिल्लं आली तेव्हा सावधगिरीचा पहिल्या आठवड्याचा डोस त्यांनी दिला नाही. मी कामावर रुजू व्हायच्या आतच हे झालं होतं. थोडी मर झाली, काही पिल्लं गेली, तेव्हा त्यांचा फोन आला. आता देऊ का, म्हणाले. मी त्यांना मेलेले पक्षी आधी लॅबला पाठवायला सांगितलं. पिल्लं गेली असती तर माझ्या शब्दावर गेली असती. लॅबचं उत्तर आलं, औषधाची गरज नव्हती. रात्री शेडमध्ये ऊब कमी पडत होती. त्यांनी पडदे नीट केले आणि मर थांबली. सगळे शेतकरी तात्या नाहीत. बरेच जण अजून मला हसतात आणि दुकानातून औषध आणून घालतात. मी त्यांच्या दारात उकिडवा बसतो, दोन-दोन मोजे घालतो आणि पुन्हा तेच सांगतो.

कामाचा पहिला दिवस

अंगठा राहिला, पण पेर वाकत नाही आणि टोकाला जाणीव नव्हती. शीर मेली असेल तर ती परत येईलच असं नाही, असं सर्जननी आधीच सांगितलं होतं. गरम चहाचा कप धरला तरी मला फक्त चार बोटांत चटका बसायचा.

कामावर रुजू झालो त्या सकाळी ऑफिसात हजेरीच्या यंत्राच्या काचेवर उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. टाके आणि व्रणामुळे माझ्या अंगठ्याचा ठसाच बदलला होता. हजेरी बघणाऱ्या बाई टेबलावरून उठून आल्या.

“सर, तो नाही घेणार आता. दुसरं बोट लावा.”

मी हात काढला नाही. माझ्यामागे दोघं-तिघं खोळंबले होते, त्यांतला एक जण घड्याळ बघत होता. बाईंनी पुन्हा सांगितलं.

“एक मिनिट थांबा,” मी म्हटलं. “काच गार लागतेय.”